सत्त्याऐंशी पाण्यांचं तूप

पावणेपाचला नळ येतो, साडेपाचला जातो.
तेवढ्यात शंभर पाणी व्हायला हवीत.
मांडीशी तांब्याची परात, तीत पाव किलो तूप,
डावीकडच्या वाटीत शंभर चिंचोके.
ओंजळभर पाणी, तळहात गोल गोल,
पाणी ओतून द्यायचं,
एक चिंचोका उजवीकडे.

दहावीच्या सुट्टीत भुलेश्वरला टिल्लू वैद्यांकडे
हेच करायची मी, परातीमागे सहा रुपये.
ते मोजायचे नाहीत. वाकून वास घ्यायचे.
‘अजून म्हशीची आठवण येतेय त्याला,’ म्हणायचे,
‘चालू दे.’
शेवटी परातीत उरायचं लोण्याहून पांढरं,
कशाचाच वास नसलेलं काहीतरी.
पोळलेल्या कातडीवर ठेवलं की
माणूस आधी श्वास सोडायचा,
मग बोलायचा.

आता मी पालिकेच्या दवाखान्यात ड्रेसिंग करते.
दिवसभर एकच वाक्य:
घरचं काही लावू नका.
हळद, चुना, टूथपेस्ट, विडीची राख,
एकदा तर सायकलचं ग्रीस.
परवा दारूखान्यातून मुश्ताक आला.
जहाजाचा पत्रा पोटरीत घुसलेला,
वर काळा चिकट थर, मामीने लावलेला.
मी दम भरला, सलाईनने भिजवत थर काढत गेले,
आणि नाक काही ऐकेना:
राळ. मेण. करंजाचं तेल.
कडुनिंबाचा पाला, काळा होईस्तोवर तळलेला.
खाली पू असणार म्हणून बोळा तयार धरलेला.
गुलाबी होतं. ओलं, दाणेदार, नवं.

(त्याच्या आधीच्या बाईच्या टाचेला
असल्याच थराखाली बोट जाईल एवढं भोक होतं.
तेही सांगायला हवं.)

केसपेपरवर लिहिलं: घरगुती लेप, काढला.
मामी राळ किती घालते
ते विचारलं नाही.
विचारायचं होतं.

आई ससून डॉकला कोळंबी सोलते.
बर्फ, काटा, खारं पाणी, परत बर्फ.
अंगठ्याच्या बेचक्यात भेगा,
नखांभोवतीची कातडी भिजून पांढरी फटक.
डॉक्टरांनी दिलेली ट्यूब आहे, लावते,
आठ दिवस बरं, नवव्या दिवशी होतं तिथे.
हातमोजे घातले तर किलोला वेळ लागतो
आणि पैसे किलोवर.
यावरचा लेप टिल्लू वैद्यांच्या बाडात नव्हता,
आमच्या कपाटातही नाही.

तरी घुसळतेय.
चाळिसाव्या पाण्याला पिवळेपणा सुटतो.
साठाव्याला मनगट म्हणतं, पुरे.
सत्त्याऐंशीला नळानं दोनदा उचकी दिली
आणि गप्प झाला.

रात्री आई परात नाकाशी नेते.
“याला तुपाचा वास नाय गो.”
“धुऊन धुऊन जातो.”
ती आपली बोटं हुंगते.
साबण, लिंबू, पुन्हा साबण, बत्तीस वर्षं.
“मंग माजा कवा जानार?”

मी दुधाच्या रिकाम्या पिशव्या पुढे करते.
भेगांत लेप भरून
चादरीला लागू नये म्हणून
ती एक हात पिशवीत घालते, आणि थांबते.
दिव्याखाली माझी बोटं दिसतात तिला,
स्पिरिटने तडकलेली, पेऱ्यापेऱ्यांवर लाल.
काही विचारत नाही.
दुसऱ्या हाताला उरलेलं
माझ्या हातांवर निपटून टाकते,
पोळपाटाला पीठ पुसावं तसं.

“शंभर झाली व्हती ना?”
“सत्त्याऐंशी. पाणी गेलं.”
“ऱ्हायलेली तेरा उद्या.”

दातांनी पिशवीची गाठ आवळून
पिशवीतल्याच हातांनी
डावीकडची वाटी ती उंच फळीवर ठेवते.
उंदीर चिंचोके नेतात म्हणून.